पट्ट्याखालचे सतरा किलो

डॉक्टरांनी माझं जठर कापून केळ्याएवढं केलं, ही गोष्ट तंजावुरात माझ्या लग्नापेक्षा जास्त लोकांना ठाऊक आहे.

लग्नाला निदान आमंत्रणं तरी मोजकी होती. ऑपरेशनची बातमी राजवाड्याच्या मागच्या आमच्या गल्लीत न बोलावता घरोघरी गेली. मी कॉलेजात केमिस्ट्री शिकवतो. वर्षभरात एकशे एकतीस किलोंवरून ब्याऐंशीवर आलो, तेव्हा सुट्टीवरून परतलेल्या एका प्राध्यापिकेने माझ्याकडे माझीच चौकशी केली. असं कौतुक माणसाने मुकाट्याने घ्यावं. मी व्याख्यानं द्यायला लागलो. भाजीवाल्याकडे, ऑटोत, बँकेच्या रांगेत, जिथे कोणी दोन मिनिटं थांबेल तिथे मी मनोनिग्रहावर बोलत असे. (निग्रह सगळा डॉक्टरांनी केला होता, आणि तोही मला भूल देऊन!) माझ्या जुन्या ढगळ पँटी मी समारंभपूर्वक बायकोच्या भावाला देऊन टाकल्या. त्याने त्या घेताना जो चेहरा केला, तो मला तेव्हा कळला नाही.

तिरुचीच्या हॉस्पिटलातून मी निघतानाच डॉक्टरांनी बजावलं होतं की जठर लहान झालंय, जीभ आहे तेवढीच आहे. दर सहा महिन्यांनी दाखवायला या, गोड पातळ पदार्थ टाळा, मधल्या वेळचं तोंड चालवणं बंद. पहिलं वर्ष मी शहाण्यासारखा वागलो. मग वाटलं, दाखवायला जायचं ते ज्यांना जमत नाही त्यांनी. आपल्याला जमलंय.

आणि जेवणात मी खरोखरच काटेकोर होतो. चार घास भात, थोडी भाजी, की हात धुवून मोकळा. बायको इंदू पाहुण्यांना अभिमानाने सांगे, "ह्यांचं जेवण म्हणजे चिमणीचं." चिमणी दिवसभर टिपत असते, हे कोणाच्याच लक्षात आलं नाही. भात केळ्याएवढ्या जठरात अडतो, अशोका हलवा अडत नाही. मुगाच्या डाळीचा, तुपाने थबथबलेला हा आमच्याकडचा हलवा जिभेवर ठेवताच विरघळतो आणि जठराला सुगावा न लागता पुढे निघून जातो. मी बोटभरच घ्यायचो. दिवसातून सहा-सात बोटं. शिवाय साखरेची फिल्टर कॉफी पाच वेळा, कारण कॉफी हे काही खाणं नव्हे. विरघळणारं काय आणि न विरघळणारं काय, हे मी पोरांना वीस वर्षं शिकवतोय. ते ज्ञान असं कामी आलं.

शर्ट आवळायला लागले तेव्हा मी वॉशिंग मशीनला दोष दिला. इंदूने भोळेपणाने मेकॅनिक बोलावला. त्याने मशीन पूर्ण उघडून पाहिलं, जोडलं, माझ्याकडे वरपासून खालपर्यंत नजर टाकली आणि म्हणाला, "मशीन सरी इरुक्कु, सार." मशीन ठीक आहे. यातला ‘मशीन’ शब्द त्याने जरा लांबवून उच्चारला, असं मला आजही वाटतं.

त्याच दुपारी मी वजनाचा काटा कपाटाखाली ढकलला. शेवटचा आकडा नव्याण्णव होता.

तेव्हापासून मला एका जागी बसवेना. वर्गात फळ्यापासून दारापर्यंत फेऱ्या मारायचो. कोणी "सर, तब्येत छान" म्हटलं की पोट आत ओढायचो आणि उत्तर न देताच निघायचो, कारण पोट आत असताना बोलता येत नाही. आणि अशा अवस्थेत पापनाशमहून भाचीचा फोन आला.

पापनाशमला माझी थोरली बहीण राहते. अक्का गणिताच्या शिक्षिका म्हणून निवृत्त झाली. माझ्यासारखीच वजनदार. साखर वाढलेली, गुडघे गेलेले, जिना चढणं बंद. तिच्या डॉक्टरांनीही ऑपरेशन सुचवलं होतं आणि ती वर्षभर नाही म्हणत होती. भाची रुक्मिणी म्हणाली, "मामा, अम्मा म्हणत्ये मधूने माझ्यासमोर येऊन कर म्हटलं तर करीन. रविवारी या. तुम्हाला नुसतं बघितलं तरी ती तयार होईल."

नुसतं बघितलं तर ती कायमची नकार देईल, हे मला स्वच्छ दिसत होतं. सतरा किलो परत आलेला भाऊ बघून कोण टेबलावर झोपेल? खरं सांगावं तर अक्काचे गुडघे माझ्यामुळे कायमचे जाणार. खोटं सांगावं तर... खोटं सांगायची मला सवय झालीच होती. मी कपाट उपसून ऑपरेशननंतर वापरलेला पोटाचा पट्टा शोधून काढला.

रविवारी सकाळी इंदू न्हाणीघरात असताना मी तो पट्टा श्वास सोडून आवळला, वर शर्ट चढवला आणि आरशात पाहिलं. ब्याऐंशी नाही, पण अठ्ठ्याऐंशी म्हणून खपलो असतो. चेहऱ्याचा रंग तेवढा वांग्याकडे झुकला होता. बसमध्ये बसल्यावर पट्टा बरगड्यांत घुसायला लागला, म्हणून पापनाशमपर्यंत उभा राहिलो. जागा रिकामी होती. इंदूने दोनदा बसायला सांगितलं. मी म्हणालो की उभं राहिल्याने कॅलरी जळतात.

अक्काच्या घरी गेलो तर तिथे मी एकटा पाहुणा नव्हतो. रुक्मिणीने शेजारच्या चार बायका बोलावल्या होत्या, आणि भिंतीवर माझा ऑपरेशनपूर्वीचा फोटो मोठा करून लावला होता. मला त्या फोटोशेजारी उभं करण्यात आलं. भावोजी, म्हणजे अक्काचे यजमान, रेल्वेतून निवृत्त झालेले. त्यांनी चष्मा पुसून फोटो पाहिला, मला पाहिलं, परत फोटो पाहिला आणि म्हणाले की फरक आहे. मला त्यांचा आवाज जरा तपासणीसासारखा वाटला.

अक्का कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून होती. ती एकटक माझ्याकडे बघत होती.

मग खाण्याचा कार्यक्रम. सगळ्यांच्या देखत मी अर्धी इडली खाल्ली, पान सरकवलं आणि निग्रहावर बोलायला सुरुवात केली. शेजारणी माना डोलावत होत्या. पण पट्ट्याखाली घाम, पोटात इडली, समोर अक्काची नजर. जीव नुसता तगमगत होता. पाणी पिऊन येतो म्हणून मी स्वयंपाकघरात सटकलो.

तिथे ओट्यावर शेवयांचं पायसम होतं. कोमट, वेलची घातलेलं. मी स्टीलच्या पेल्यात ओतलं आणि उभ्या उभ्या संपवलं. मग दुसरा पेला, पहिल्याची चव नीट लागली नव्हती म्हणून.

परत येऊन मी कुठे राहिलो होतो ते आठवून म्हणालो, "तर मुख्य गोष्ट काय, की गोडाकडे बघायचंसुद्धा नाही." वाक्य संपायच्या आत कानात गुंई झालं. छाती धडधडायला लागली, घामाच्या धारा लागल्या, आणि पोटातून असा आवाज आला की शेजारच्या बाईंनी बाहेर लॉरी आली का ते वाकून पाहिलं. मी फोटोला धरायला गेलो. मी आणि फोटो दोघेही खाली आलो.

"हार्ट!" भावोजी ओरडले. त्यांनी मला आडवं केलं आणि हवा लागावी म्हणून शर्टाची बटणं काढली. आत पट्टा. त्यांना वाटलं, हे काहीतरी वैद्यकीय आहे, हात लावू नये. इंदूला मात्र तो पट्टा ओळखीचा होता. तिने कडेला धरून एकदाच ओढला. चर्रर्र आवाज झाला, आणि सतरा किलो अख्ख्या पापनाशमसमोर मोकळे झाले. एक शेजारीण हळूच म्हणाली की यांच्या मिशीला पायसम लागलंय.

ऑटोत घालून मला कोपऱ्यावरच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी ईसीजी काढला, ऑपरेशनचं ऐकलं, मिशी पाहिली आणि सांगितलं की हृदय ठणठणीत आहे. एवढी साखर लहानशा जठरातून एकदम आतड्यात उतरली की असंच होतं, पडून राहा, उतरेल. मग त्यांनी मला काट्यावर उभं केलं आणि आकडा मोठ्याने वाचला.

अक्का आमच्या मागून, गुडघे धरत धरत, दवाखान्यापर्यंत चालत आली होती. कित्येक महिन्यांत ती फाटकाबाहेर पडली नव्हती. बाकीच्यांना तिने बाहेर बसायला सांगितलं आणि माझ्या खाटेशेजारी स्टूल ओढलं. मला वाटलं, आता ती ऑपरेशनला नाही म्हणून उठून जाईल, आणि तिच्या गुडघ्यांचं काय होईल ते होईल, त्याचं कारण मी.

"मध्या, आधी किती होतास?"

"एकशे एकतीस."

"आणि आत्ता नव्याण्णव." तिने बोटांवर हिशेब केला. "म्हणजे बत्तीस अजून कमीच आहेत की रे."

या बाजूने मी कधी वजाबाकी केलीच नव्हती. मी आपला ब्याऐंशीपासून वर मोजत बसलो होतो. मी तिला सगळं सांगून टाकलं. हलवा, कॉफी, कपाटाखालचा काटा, वॉशिंग मशीन. मशीनला ती हसली. मग म्हणाली, "मला भूल देण्याची भीती नव्हती. तू फोनवर तो निग्रह निग्रह करायचास ना, त्याची होती. वाटायचं, हे आपल्याच्याने व्हायचं नाही. चार लोकांत बारीक होणार, परत वाढणार, आणि मग तोंड कुठे लपवू? आज तुला जमिनीवर पडलेला बघितलं आणि धीर आला."

"मला पडलेला बघून?"

"तुझ्यासारख्याचे बत्तीस टिकतात, तर माझेही टिकतील. पण एक अट. तू माझ्याबरोबर तिरुचीला यायचं. दाखवायला. दर वेळी."

मी सेरी म्हणालो. (आमच्या तंजावुरी मराठीत ‘बरं’ म्हणायचं बळ अंगात नसतं तेव्हा तमिळमधलं ‘सेरी’ म्हणतात.)

परतीच्या बसमध्ये इंदूने मला हाताला धरून बसवलं. तंजावूर आल्यावर एवढंच म्हणाली की मेकॅनिकची माफी मागायला हवी. घरी येऊन तिने काटा कपाटाखालून काढला आणि हॉलमध्ये टीव्हीसमोर ठेवला.

अक्काचं ऑपरेशन झालं. आता ती काठीशिवाय देवळापर्यंत जाते. तिरुचीच्या आहारतज्ज्ञ बाईंनी मला अपेक्षेपेक्षा कमी रागावलं. थोडं वजन परत येणं नवल नाही, म्हणाल्या, लपवलं की मात्र ते निवांत वाढतं. आधी डाळ-अंडी, कॉफी बिनसाखरेची, तोंडात टाकलं ते वहीत लिहायचं. वहीत ‘एक बोट’ हे माप चालत नाही हे मला दुसऱ्याच आठवड्यात कळलं. सात किलो उतरले आहेत. कधी एखादा परत येऊन बघून जातो.

त्या बाई महिन्यातून एकदा पेशंटांची बैठक घेतात, आणि ऑपरेशन झालेल्यांनी नव्या लोकांना अनुभव सांगावा म्हणून अक्काला आणि मला पुढे बसवतात. गेल्या महिन्यात मी अर्धा तास अगदी खरं खरं बोललो. वजन का वाढतं, कसं लपवलं जातं, सगळं. निग्रह हा शब्द एकदाही काढला नाही. टाळ्या पडल्या. मग पहिल्या रांगेतले एक आजोबा उठले, माझा हात दोन्ही हातांत धरून प्रेमाने म्हणाले, "फार छान बोललात. काही घाबरू नका. तुमचं ऑपरेशन कधी आहे?"