केंडाचा पहिला घास

आमच्या सरांनी जन्मात मासा खाल्ला नव्हता, पण माशांवर त्यांचा अधिकार मोठा. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मी भिवंडीच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राचा डेमॉन्स्ट्रेटर होतो, तोही हंगामी. दर जूनला माझी नोकरी राहणार की जाणार, हे सरांच्या शेऱ्यावर ठरायचं. सर पीएच.डी. करत होते आणि त्यांचा विषय होता केंड मासा. डिवचला की चेंडूसारखा फुगणारा, जाळी कुरतडणारा आणि पोटात विष बाळगणारा. खाडीतले कोळी जाळ्यात केंड आला की शिवी हासडून त्याला परत पाण्यात भिरकावत. सरांना त्यात स्वतःचं प्रमोशन दिसत होतं.

संशोधन जोरात चाललं होतं. केंड कुठे कुठे सापडतो याचा नकाशा सरांनी भिंतीवर लावला होता. सरांना चिखलाची किळस. एसटीतून उतरायचं, पुलावर उभं राहायचं आणि जो कोळी समोर येईल त्याला विचारायचं, ही त्यांची पद्धत. त्यामुळे नकाशावरचे सगळे लाल ठिपके एसटीच्या थांब्यांवर पडले होते. हा मासा पोहत नाही, तिकीट काढून येतो, असंच कुणालाही वाटलं असतं.

पुढे आनुवंशिकीचं प्रकरण लिहायचं म्हणून आम्ही केंडाच्या पेशींतली गुणसूत्रं मोजायला बसलो. मागच्या गल्लीतले लूम, म्हणजे यंत्रमाग, सुरू झाले की टेबल थरथरायचं आणि सूक्ष्मदर्शकाखाली गुणसूत्रांची फुगडी सुरू व्हायची. माझा आकडा वेगळा, सरांचा वेगळा, आणि सरांचा दुपारचा आकडा सकाळच्याहून वेगळा. शेवटी एका परदेशी पुस्तकात जो आकडा छापला होता तोच आम्हाला दिसला, असं सरांनी जाहीर केलं.

इथवर कुणाचं काही बिघडत नव्हतं. बिघडलं ते विषाच्या प्रकरणात. सरांचं म्हणणं असं की समुद्रातला केंड विषारी असेल, पण आमच्या खाडीतला निर्धोक आहे, आणि या टंचाईच्या दिवसांत गरिबांनी तो खुशाल खावा. त्याचा पुरावा म्हणून उकडलेला केंड ताटलीत घालून संध्याकाळी लॅबच्या मागे मांजरांपुढे ठेवला जाई. दुसऱ्या दिवशी सर येत तेव्हा ताटली लख्ख आणि मांजरं ठणठणीत. सर खूश होत.

एकदा मी लवकर पोचलो तर आमचा शिपाई ती भरलेली ताटली गटारात उपडी करत होता. हा शिपाई उत्तरेकडचा, आधी लूमवर होता, मग कॉलेजात लागला.

"अरे, हे काय करतोस?"

"बिल्ली तो सूंघती भी नहीं, साब. सर बोलले, मैं आने के पहले सगळा साफ पाहिजे."

मी ते तसंच्या तसं सरांना सांगितलं. सर शांतपणे म्हणाले, "ताटली रिकामी होती ना? मांजरं जिवंत आहेत ना? मग निरीक्षणात ढवळाढवळ करू नका."

डिसेंबरात गॅदरिंग आलं. प्रमुख पाहुणे म्हणून गावातले एक बडे लूमवाले शेठ येणार होते. त्यांच्यासमोर केंडाचा पहिला घास खाऊन दाखवायचा, असं सरांनी ठरवलं. आमच्या विभागात मासे खाणाऱ्या घरातला मी एकटाच. "हा मान तुमचा," सर म्हणाले आणि जाता जाता जूनची आठवण करून दिली.

शेलार या माझ्या गावी घरी येऊन आईला सांगितलं. तिचा भाकरी थापणारा हात थांबला.

"आरं, केंडाला कुत्रंबी तोंड लावत न्हाय. नोकरी गेली तर शेत हाय. जीव गेला तर काय हाय?"

मी घाबरलो होतो. नोकरी हवी होती आणि जीवही हवा होता.

"कवा हाय ह्ये?" आईने विचारलं.

"येत्या गुरुवारी."

आई हसायलाच लागली. "मार्गशीर्षातल्या गुरुवारी? मग कोन खातंय!"

सर बारा महिने तेरा काळ शाकाहारी. मासे कोणत्या वारी खात नाहीत, हे खाणाऱ्यालाच ठाऊक असतं. सरांनी विषाचा अभ्यास केला, वारांचा केला नाही.

गॅदरिंगला मी हात जोडून म्हणालो, "सर, आज मार्गशीर्षातला गुरुवार. घरी लक्ष्मी मांडलीय." मागच्या बाकांवरून "बरोबर आहे, बरोबर आहे" असं सुरू झालं. आदल्या दिवशी बोंबील चापलेली पोरंसुद्धा एकदम सोवळी झाली. शेठनी घड्याळ पाहिलं. सरांचा चेहरा पडला. मग त्यांची नजर दाराशी पाण्याचा जग घेऊन उभ्या असलेल्या शिपायाकडे गेली.

"तुझा कुठला वार नाही ना? ये, तू खा."

शिपायाने जग खाली ठेवला, शर्टाला हात पुसले. नाही म्हणायची त्याची सोय नव्हती. तो टेबलापाशी आला, "बिस्मिल्ला" म्हणाला आणि त्याने ताटलीकडे हात नेला.

माझं डोकं फिरलं. मी ताटली ओढली आणि सरांपुढे ठेवली.

"सर, शोध तुमचा. घासही तुमचाच."

"मी शाकाहारी आहे," सर म्हणाले. "आमच्या घरात हे चालत नाही."

"मरण आमच्याही घरात चालत नाही, सर. ह्याच्याही नाही."

शेठ उठले आणि बक्षीस समारंभ सुरू करा म्हणाले. केंड तसाच ताटलीत राहिला. जूनमध्ये माझी नोकरी गेली, शिपायाची त्याआधीच गेली होती. सर मात्र डॉक्टर झाले. पुढे त्यांचा प्रबंध माझ्या हाती आला. त्यात लिहिलं होतं की स्थानिक लोकांच्या धार्मिक समजुती आड आल्यामुळे माणसावर चाचणी घेता आली नाही. मला तो शिपाई आठवला. देवाचं नाव घेऊन घास उचलायला निघालेला त्या सभागृहात तो एकटाच होता.