काका, कुठे राहता?

उल्हासनगरला कॅम्प चारमधल्या एका छोट्या हॉस्पिटलात मी दर शनिवारी बी-ट्वेल्व्हचं इंजेक्शन घ्यायला जातो. तिथल्या सिस्टर दर शनिवारी विचारतात, "काका, कुठे राहता?" मी "चिखलोली" म्हटलं की लगेच, "मग तुमचं स्टेशन कधी होणार?" मी त्या रखडलेल्या स्टेशनवर तावातावाने बोलायला लागतो, तेवढ्यात सुई आत जाऊन बाहेरही आलेली असते. समोरचा बोलल्याशिवाय त्या टोचतच नाहीत.

सिस्टर डिप्लोमावाल्या. वीस वर्षं टोचून झाल्यावर डॉक्टरांनी सांगितलं, डिग्री करा, नाहीतर डिग्रीवाल्या मुली ठेवतो. मला हा शुद्ध चावटपणा वाटला. सिस्टरांनी मात्र अंबरनाथच्या नर्सिंग कॉलेजात नाव घातलं आणि कापसाच्या ट्रेमध्ये पुस्तक ठेवायला लागल्या.

या शनिवारी बाही वर करता करता मी विचारलं, "प्रॅक्टिकल कसं झालं?"

"रबराचा बाहुला होता, काका. मी विचारलं, कुठे राहता? तो बोलेचना. मी आपली सिरिंज धरून उभी. शेवटी परीक्षक सर वैतागून बोलले, बदलापूर."

"मग?"

"मग काय, जो बोलला त्यालाच टोचलं. सवयीने हात गेला. नुसतं सलाईन होतं म्हणून बरं."

"म्हणजे डिग्री गेली. नोकरीपण."

"पास केलं की. सर बोलले, सिस्टर, कळलंच नाही."

"काहीतरीच. सुई टोचलेली माणसाला कळत नाही होय?"

"नाही ना कळत," म्हणत त्यांनी माझ्या दंडावर कापूस ठेवला. "दाबून धरा."