गंगेवरून उडताना

जुना कॉम्प्युटर भंगारात द्यायला खोलला, तर पंख्याखालून एक रुपयाचं नाणं घरंगळत बाहेर आलं. वीस वर्षं तिथंच होतं बिचारं!

तेव्हा पुंडलिकनगरच्या घरी मी फ्लाइट सिम्युलेटर, म्हणजे कॉम्प्युटरवर विमान उडवायचा गेम, नवाच घेतला होता. कॉम्प्युटर तापायचा, म्हणून त्याचं झाकण काढून ठेवलेलं. आई कधी विमानात बसली नव्हती, म्हणून मोठ्या ऐटीत तिला शेजारी बसवलं. ती पर्स घेऊनच बसली. चिकलठाण्याच्या विमानतळावरून उडून पैठणकडं वळलो. खाली गोदावरीची निळी रेघ दिसताच आईनं "गंगामाई" म्हणत हात जोडले आणि एसटीतून टाकते तसं नाणं भिरकावलं. ते पडद्यावर आपटून थेट उघड्या कॉम्प्युटरात गेलं. खडखड झाली, पडदा काळा.

"पडलं का रं विमान?"

"नाय, बंद पडलं! काय केलंस हे, आई?"

"मग वाचलो की आपण. गंगेनं नाणं घेतलं."

मी कॉम्प्युटर उलटा करून हलवला, पण नाणं काही निघालं नाही.

मागच्या वर्षी तिला खऱ्या विमानानं हैदराबादला नेलं. गंगा दिसली तशी मुठीत नाणं धरून तिनं काच चाचपली आणि माझ्याकडं वळून म्हणाली, "ह्याची खिडकीच उघडत नाय. तुझंच विमान बरं होतं."