सासूबाईंच्या सुयांवर सध्या कोण?

विणायला घेतलेल्या स्वेटरची पाठ छातीला लावून आरशात बघण्याची बुद्धी जावईबापूंना झाली आणि तिथेच घात झाला. सासूबाई खोकल्याचं औषध आणायला खाली उतरल्या होत्या, बायको कामावर होती, मैदान मोकळं होतं. खिडकीजवळच्या खुर्चीत ते राखाडी-निळं विणकाम काखेपर्यंत येऊन पडलं होतं. जावईबापूंनी ते दोन्ही हातांनी अलगद उचललं, पोट आत ओढलं आणि आरशातल्या स्वतःकडे बघून समाधानाने मान हलवली. बसतंय की! त्या आनंदात श्वास सुटला, श्वासाबरोबर पोट सुटलं, हात सैल पडले आणि सुई सुळकन निसटून कपाटाखाली गेली.

पोटावर पडून सुई बाहेर काढेपर्यंत ठीक होतं. पण ती पुन्हा ओवताना त्यांनी एक धागा ओढला. वरचा टाका खालच्यात पडला, खालचा त्याच्या खालच्यात. जावईबापूंचा धंदा घरबसल्या इमारतींचे नकाशे काढण्याचा. त्यांच्या कागदावरचा एकही मजला आजवर हललेला नव्हता, आणि इथे डोळ्यांदेखत अख्खा जिना खाली घसरत होता.

तेवढ्यात दारात किल्ली वाजली.

"काय करत होता?" सासूबाईंनी विचारलं.

"टेबल पुसत होतो, आई."

सासूबाईंनी टेबलाकडे बघितलं. टेबल खोलीच्या दुसऱ्या टोकाला होतं, वर सकाळच्या चहाचा गोल डाग तसाच होता. मग त्यांनी जावयाकडे बघितलं.

"तुमच्या तिसऱ्या बटणात माझी लोकर अडकलीय."

या बाईंपुढे खोटं टिकत नसे, कारण त्यांची उभी हयात दातांच्या दवाखान्यात गेली होती. डॉक्टर आतल्या खोलीत, या बाहेर काउंटरवर. "काही दुखत नाही हो, सहज दाखवायला आलो," म्हणणाऱ्या माणसाचा गाल कुठल्या बाजूने सुजलाय, हे त्यांना तो दारात असतानाच कळायचं. आतून यंत्राची घर्रघर्र सुरू झाली की बाहेर बाकावर बसलेल्यांच्या तोंडचं पाणी पळायचं. मग काउंटरमागून सुयांची टिकटिक ऐकू यायची. लोक तिकडे बघत बसायचे. रडणारी पोरंसुद्धा गप्प व्हायची. कामाच्या वेळात विणकाम चालणार नाही, असं डॉक्टरांनी पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं. दुसऱ्या आठवड्यात तेच म्हणाले, "बाई, आज सुया विसरलात का? बाहेर लोक पळून चाललेत."

डॉक्टर थकले, दवाखाना बंद झाला, ते मुलाकडे दूर थंडीच्या मुलखात राहायला गेले आणि सासूबाई सुया घेऊन लेकीकडे आल्या. समोरच्या खोलीचे तेव्हापासून दोन भाग झाले. टेबल जावयाचं, खिडकी सासूबाईंची. मधे लोकरीचा गोळा, कधी या हद्दीत तर कधी त्या.

विणायची त्यांची रीत न्यारी होती. मापाची पट्टी त्यांनी कधी हातात धरली नाही. एकदा माणूस पाठमोरा बघितला की झालं. आणि ज्याच्यासाठी विणताहेत, त्याच्याशिवाय दुसरा विषय काढायचा नाही. त्यांच्या नणंदेचं जाकीट सुयांवर होतं तेव्हा सकाळच्या चहापासून रात्रीच्या गोळीपर्यंत नणंद. ती कशी हसायची, कशी भांडायची, भांडून झाल्यावर कशी स्वतःच रडायची. त्यामुळे लेक कामावरून आली की चपला काढता काढता विचारायची, "आज कोण चालू आहे?" आणि जावईबापू नकाशातून मान न काढता सांगायचे, "अजून नणंदच. एक बाही बाकी आहे."

वस्तू पूर्ण झाली की जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळायची, सुतळीने बांधायची आणि पाठवून द्यायची. आत तीच लोकर थोडीशी, उसवलं तर शिवायला. कौतुकाचे फोन आले की या म्हणायच्या, "आवडलं तर घाला, नाहीतर फरशी पुसा." बदली होऊन गेलेल्या बँकेच्या पहारेकऱ्याला कानटोपी गेली. दवाखाना सोडून गेलेल्या नर्सला शाल गेली. शिकायला वसतिगृहात गेलेल्या नातीला मोजे गेले, ते इतके जाड की बूट नवे घ्यावे लागले. पोटच्या लेकीलासुद्धा स्वेटर मिळाला होता, लग्न होऊन सासरी गेली त्याच थंडीत.

जावयाला मात्र काही नाही. हातरुमालाएवढंसुद्धा नाही.

"मला बुवा लोकर टोचते," असं जावईबापू चारचौघांत सांगायचे. टोचायचं ते दुसरंच. एवढी वर्षं एका छताखाली, मी यांचा चष्मा शोधून देतो, गोळ्या आणतो, गोळा टेबलाखाली गेला तर रांगत काढून देतो, आणि टोपी कोणाला, तर पहारेकऱ्याला! बायकोपाशी बोलायची सोय नव्हती. ती हसली असती, आणि मग तिच्या आईला सांगून पुन्हा हसली असती.

आणि आता हे राखाडी-निळं. पुरुषी रंग, रुंद पाठ. मुख्य म्हणजे या खेपेला सासूबाई एक अक्षर बोलत नव्हत्या. कोण चालू आहे याचा घरात पत्ता नव्हता. जावईबापूंनी बरेच दिवस विचार केला आणि एकच उत्तर निघालं. ज्याच्यासाठी विणताहेत तोच समोर बसलेला असेल, तर बोलणार तरी कसं?

म्हणून तर आरसा.

सासूबाईंनी विणकाम खिडकीशी धरून बघितलं. "चार टाके उचलता आले असते. तुम्ही ओढलंत ना?"

"थोडंसं."

"मग उसवायलाच हवं. बसा इथे, हात पुढे करा."

जावईबापू स्टुलावर बसले, दोन्ही हात पुढे धरून. सासूबाई सर्रसर्र उसवत होत्या आणि सुटलेली वाकडीतिकडी लोकर त्यांच्या दोन मनगटांभोवती गुंडाळत होत्या. लेक दार उघडून आत आली आणि नवऱ्याला बघून थबकली.

"अरे, तुला अटक झाली की काय?"

"चहा टाक," आई म्हणाली. "आरोपीलाही दे."

ती हसत आत गेली. पाठ हळूहळू आखूड होत होती. जावईबापूंना राहवेना.

"आई, हे होतं कोणासाठी?"

"डॉक्टरांसाठी."

जावईबापूंचे हात खाली आले. सासूबाईंनी कोपराला हलकेच टोचून ते पुन्हा वर केले.

"त्यांच्या मुलाचा फोन आला होता," त्या उसवता उसवता म्हणाल्या. "आता माणसं ओळखत नाहीत म्हणे. मुलालाच विचारतात, कुठली दाढ दुखतेय? माझं नाव काढून बघितलं त्याने. काही नाही. नुसतेच हसले."

"म्हणून या वेळी तुम्ही बोलला नाहीत."

"बोलायला तोंड उघडलं की मनात येतं, यातलं त्यांना आता काहीच ठाऊक नाही. एवढी वर्षं दोघांनी एका दवाखान्यात काढली, आणि आठवायचं काम आता एकटीवर आलं. तोंडाने जमेना. हाताने तेवढं जमतं."

स्वयंपाकघरात कप वाजले. ज्या पाठीवर आपण मघाशी छाती फुगवली ती कोणाची होती, हे कळून जावईबापूंना अगदी ओशाळल्यासारखं झालं. हात भरून आले होते, पण ते त्यांनी आणखी थोडे वर धरले. लोकर भराभरा मनगटांवर चढत होती. आणि एवढं सगळं कळूनही आतलं ते टोचणारं काही गेलं नाही. उलट आता हात बांधलेले, पळायला वाट नाही, म्हणून असेल कदाचित, ते तोंडावाटे बाहेर पडलंच.

"आई, तुम्ही जगाला विणलंत. मला एकदाही का नाही?"

सासूबाईंनी शेवटची ओळ उसवली, लोकरीचं टोक त्यांच्या अंगठ्याला बांधलं आणि चष्म्यावरून त्यांच्याकडे बघितलं.

"आठवण यायला माणूस आधी घराबाहेर जावा लागतो, जावईबापू."