निळ्या लुगड्याची गोदावरी

मैत्रिणींनो, आज पंचवटीत मी बसवत असलेल्या नृत्यनाटिकेची तालीम होती. दोघींनी निळ्या लुगड्याची टोकं धरून गोदावरी केली होती आणि सुशीला त्या पाण्यात नाचत होती.

तेवढ्यात तिच्या सासूबाई दारात आल्या. "चल घरी! माझी सून चारचौघांत नाचायची नाही."

घाबरून एकीच्या हातून टोक सुटलं. घाटावर ओलं लुगडं वाळवताना धरतात, तसं सासूबाईंनी सवयीनं ते उचलून ताणलं. त्यात वारा शिरला आणि नदी पुन्हा वाहू लागली.

सासूबाई बघतच राहिल्या. मग हळूच सुनेला म्हणाल्या, "अगं, उभी काय राहिलीस? माझे हात भरून आले."

तुमच्याकडे नको म्हणणारं कुणी असेल, तर त्यांनाही उद्या आणाल का? टोकं धरायला माणसं हवीच आहेत.