वळच्या रस्त्याचा घट्ट काठ

कामतघर भागातून गाडी निघाली तेव्हा यंत्रमागांच्या खिडक्यांतून कापसाचे तंतू बाहेर तरंगत होते. रिक्षांच्या टपांवर, टपरीवरच्या पेल्यांवर ते अलगद उतरत होते. वाईहून आलेल्या मला सगळं अर्धवट झोपेत पाहिल्यासारखं वाटलं. गाडी माझी मुलगी मृण्मयी चालवत होती. नव्या रस्त्याखालची माती किती भक्कम आहे, हे तपासणं तिचं काम. निवृत्त झाल्यापासून ते पाहायची मला इच्छा होती.

वळ गावाच्या बाजूला गोदामं सुरू झाली. दोन पत्र्यांच्या फटीतून मध्येच भाताची खाचरं दिसत, त्यांवर धुकं आणि धुक्यात बगळे. तिथून एका पाड्याकडे (छोट्या वस्तीकडे) जाणारा रस्ता नव्याने बांधला जात होता. मुरूम पसरून झाला होता, रोलर फिरला होता. दोन्हीकडे गोदामांच्या भिंती. पाड्याला दुसरी वाट नाही.

मृण्मयीने गाडीतून यंत्र काढलं. खाली गोल जाड थाळी, वर दांडा, दांड्यावर वजन. वजन वर नेऊन सोडायचं. थाळीखालची जमीन किती दबली ते हातातल्या डबीवर दिसतं. धप्... धप्... तो मऊ आवाज धुक्यात विरत गेला. मी भिंतीशी बसून ऐकत राहिलो. जमीन झोपेत कूस बदलते आहे, असं काहीतरी मनात येत होतं.

मग तिने एकाच जागी पुन्हा पुन्हा वजन सोडलं. मी जवळ गेलो, तर माझी चप्पल चिखलात रुतली आणि पाय नुसताच वर आला.

“बाबा, मागे या. इथे पाणी मुरलंय.” ती ठेकेदाराच्या सुपरवायझरकडे वळली. “हा तुकडा खणून परत भरावा लागेल.”

“मॅडम, वरून खडी पडली की बसेल ते,” तो म्हणाला.

“आज बसेल. ट्रक गेले की खचेल.”

एवढ्यात पाड्यातून दशरथ पाटील आले. पन्नाशीचे, खांद्यावर टॉवेल. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

“ताई, आज खणू नका. आयच्या डोल्याचा आपरेशन हाय उद्या. संध्याकाली रिक्षानं नेऊन भरती करायची हाय. गुडघ्यानं तिला चालता येत न्हाय.”

“उद्या खणलं तर?” मी हळूच विचारलं.

“रिक्षा आजच रुतेल, बाबा. आजींना घेऊनच.” मृण्मयी दशरथ पाटलांकडे वळली. “दादा, थांबा जरा.”

तिने थाळी उचलली आणि उजव्या भिंतीच्या कडेने पावलापावलाला वजन सोडत निघाली. धुकं विरलं, ऊन चढलं. दशरथ पाटील तिच्या मागून चालत होते; डबीवर काय येतंय ते न विचारता तिच्या चेहऱ्याकडे बघत. टोकाला पोचल्यावर तिने दोरी मागितली आणि भिंतीलगत रिक्षापुरती वाट सोडून ती ताणून बांधली.

“हा काठ घट्ट आहे. दोरीच्या आत रिक्षा जाईल. खणायचं ते पलीकडे.”

दुपारी दशरथ पाटलांच्या ओटीवर तांदळाची भाकरी आणि सुकट (वाळवलेली बारीक कोळंबी) खाल्ली. आजी खाटेवर बसून होत्या.

“रस्ता झाला का रं?” त्यांनी विचारलं.

“अर्धा झाला, आय,” दशरथ पाटील म्हणाले.

संध्याकाळी रिक्षा दोरीच्या कडेने सावकाश आली. पलीकडे खड्डा, त्यात गढूळ पाणी. मृण्मयी पुढे उलटी चालत हाताने वाट दाखवत होती. माझा जीव मुठीत. रिक्षा मुख्य रस्त्याच्या डांबरावर चढली, तेव्हा ती भिंतीला टेकली आणि तिने डोळे मिटून घेतले. लहानपणी परीक्षेहून आल्यावर ती अशीच टेकायची.

वाईला परतल्यावर बायकोने विचारलं, पोर नेमकं करते काय? यंत्र मला नीट सांगता येईना. प्रवासात माणूस डोंगर पाहतो, देवळं पाहतो. पायाखालचं कोण पाहतं? मी मात्र माझ्या लेकीला ते पाहताना पाहून आलो होतो.

काही दिवसांनी तिचा फोन आला. खणलेला तुकडा भरून झाला होता, तपासणीत खरा उतरला होता. आणि दवाखान्यातून परतताना आजींनी रिक्षा तिथेच थांबवायला लावली, पट्टी काढलेल्या डोळ्याने बराच वेळ रस्ता बघितला आणि मग म्हणाल्या, “चल आता.”