नव्या पडद्यावर वेग शून्य!

सुधाकरभाऊ, गुडघा आता वाकतो का? सिरोंच्याच्या लक्ष्मीबाई, खोकला गेला? माजरीचे प्रकाशराव, साखर आटोक्यात आहे ना? मी ठणठणीत आहे, पण आज सकाळी डोकं तापलं होतं.

घरी बांधलेल्या माझ्या विमानातली काटेवाली मीटरं काढून मी डिजिटल पडदा बसवला. आज विमान धावपट्टीवर पळवलं, तर ते सुसाट आणि पडद्यावर वेग शून्य! वेग कळल्याशिवाय उडणं म्हणजे जिवाशी खेळ.

पडद्याला शिव्या देत मी जुनं वेगाचं मीटर परत जोडलं. तेही शून्यावरच.

बायको हसली. "आता याले पण शिव्या द्या ना! काऊन थांबले?"

मग पंखाखालच्या जुन्या नळीत डोकावलो; तिच्यात शिरणाऱ्या हवेच्या दाबावरूनच दोघांनाही वेग कळतो. आत चिखल! कुंभारीण माशीनं घर बांधलं होतं, आणि मी पाहत असतानाच ती आणखी एक गोळी घेऊन आली.

नळी साफ केली, पुन्हा पळवलं, आकडे झरझर चढले. आता पडदा राहील, शेजारी जुनं मीटरही राहील, आणि उभ्या विमानाच्या नळीला बायकोनं शिवलेली टोपी. उद्या उडणारच!

नव्याला दोष दिला आणि तुंबलेलं जुनंच निघालं, असं तुमचंही झालंय का? लवकर लिहा, वाट पाहून राह्यलो.